'नांदायला ये' : रखमाबाईंच्या खटल्यातली एक गुंतागुंत

रखमाबाईंचे नाव निघाले की भारतातली पहिली महिला डॉक्टर कोण, हा वाद आधी सुरू होतो. आनंदीबाई जोशींना पदवी 1886 मध्ये मिळाली, पण वर्षभरातच त्या गेल्या. रखमाबाई लंडनमध्ये शिकून 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरत, राजकोट इथे त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ रुग्ण तपासले. पहिल्या-दुसऱ्या नंबराच्या या भांडणात त्यांचे खरे मोठे काम मागे पडते. ते काम दवाखान्यात झाले नाही, कोर्टात झाले.

अकराव्या वर्षी लग्न झाले, पण त्या सासरी गेल्याच नाहीत. गिरगावात आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या. 1884 मध्ये नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. कायद्याच्या भाषेत वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन, घरच्या भाषेत नांदायला ये.

सगळा घोळ त्या 'पुनः'मध्ये आहे. हा दावा मूळचा इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांचा. नवराबायको एकत्र राहत होते, एक जण निघून गेला, तर त्याला परत बोलवायचे, अशी त्यामागची कल्पना. पत्नीने पतीकडे राहावे असे धर्मशास्त्र सांगते, पण त्यासाठी असा दावा तिथे नव्हता. 1867 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इकडच्या खटल्यांची शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनमधल्या न्यायपीठाने, एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात तो हिंदुस्थानात चालतो असे ठरवले आणि पुढे तो हिंदूंनाही लागू होऊ लागला.

1885 चा पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, तो नेमका या शब्दावर. जी बाई कधी नांदलीच नाही, तिला 'परत' नांदायला कसे पाठवणार? मला हा निकाल आजही त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सरळ विचार वाटतो. पुण्याच्या वर्तमानपत्रांना तो धर्मावरचा घाला वाटला. धर्माच्या नावाने ज्याचा कैवार घेतला जात होता तो दावा चर्चमधून आलेला होता, याची फारशी कुणी फिकीर केली नाही.

अपिलात निकाल फिरला. मार्च 1887 मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही, असे रखमाबाईंनी कळवले. असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद खुद्द इंग्लंडने 1884 मध्येच रद्द केली होती. इकडच्या दिवाणी संहितेत मात्र ती तशीच होती. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, नवऱ्याने हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली आणि पुढच्या वर्षी त्या विलायतेला गेल्या.

'पुनःस्थापन' हा शब्द मात्र टिकला. कैदेची तरतूद आपल्याकडून 1923 मध्ये गेली, मालमत्ता जप्तीची राहिली. हिंदू विवाह कायदा मे 1955 मध्ये लागू झाला, त्यात कलम 9 म्हणून हाच दावा आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रखमाबाई नव्वदाव्या वर्षी वारल्या. इंग्लंडने 1970 मध्ये कायदा करून तो दावाच रद्द केला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1983 मध्ये कलम 9 घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी ते मत नाकारले. संसार टिकावा हाच कलमाचा हेतू, असे कारण दिले गेले. 2019 मध्ये त्याला पुन्हा आव्हान देणारी याचिका दाखल झाली.

आपल्याकडच्या कोर्टांत हे कलम आता बरेचदा पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून येते. बायको पोटगी मागते, मग नवऱ्याकडून कलम 9 चा अर्ज पडतो, आणि त्यात एक वाक्य ठरलेले असते : अर्जदार आजही तिला नांदवण्यास तयार आहे.