रंग लागलाय की रंग गेलाय?

गेल्या महिन्यात सोसायटीच्या तळघरात गाडी मागे घेताना डावा कोपरा खांबाला घासला. गाडी लाल, खांबावर पिवळे-काळे पट्टे. उतरून पाहिलं तर मागच्या बंपरवर वीतभर पिवळा फराटा आणि त्यात पांढऱ्या रेघा. एका गॅरेजात दाखवलं. तिथल्या माणसाने वाकूनही पाहिलं नाही. "पूर्ण बंपर मारायला लागेल, साहेब. साडेचार होतील."

साडेचार म्हणजे साडेचार हजार. मी गाडी तशीच घरी आणली, कारण आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: बंपरला रंग लागलाय, की बंपरचा रंग गेलाय? पहिलं पुसायचं काम आहे, दुसरं रंगवायचं. आणि दिसायला दोन्ही इतकी सारखी असतात की भलेभले चुकतात.

काळ्या गाडीवर पांढरी रेघ दिसली की रंगाखालचा अस्तराचा थर, म्हणजे प्रायमर, उघडा पडला असं आपण धरूनच चालतो. पण तो दुसऱ्या गाडीचा रंग असू शकतो, कंपाउंडच्या भिंतीचा चुना असू शकतो. किंवा नुसतं लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, चरलेलं असतं आणि फुटलेल्या काचेची कड जशी पांढरी दिसते तशी त्याची कड पांढरी दिसते. पांढऱ्या गाडीवर याच्या उलट. काळी रेघ पाहून खालचं काळं प्लास्टिक दिसतंय म्हणून जीव हळहळतो, आणि पुसायला गेलं की निघतं ते सिग्नलला घासून गेलेल्या स्कूटरच्या ग्रिपचं रबर.

म्हणून आधी बंपर शाम्पूने नीट धुवा. धूळ तशीच ठेवून फडकं फिरवलं तर तीच धूळ वॉटर पेपरचं काम करते आणि नवे ओरखडे पडतात. धुऊन वाळला की जुन्या मऊ बनियनच्या तुकड्यावर थोडं टर्पेंटाइन घ्या. आधी बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर घासून पाहा, मगच फराट्यावर या. थिनर मात्र घेऊ नका. कंपनीचा भट्टीत पक्का झालेला रंग टर्पेंटाइनला दाद देत नाही, पण गाडी आधी कुठे बाहेर रंगवलेली असेल तर थिनरने तो रंग मऊ पडून उचलला जाऊ शकतो.

आता नजर बंपरवर नको, फडक्यावर ठेवा. माझ्या फडक्यावर पिवळा आला. म्हणजे खांबाचा रंग निघत होता. जो थोडा चिकटून राहिला तो बारीक रबिंग कंपाउंडने गेला. फडक्यावर लाल आला असता तर मी तिथेच थांबलो असतो. रंगावरचं लॅकर पारदर्शक असतं, ते घासलं तरी कापडाला रंग देत नाही. कापडावर गाडीचाच रंग येतोय याचा अर्थ त्या जागी लॅकर उरलेलं नाही, किंवा मुळात ते नव्हतंच. काही जुन्या साध्या रंगांच्या गाड्यांवर वेगळं लॅकर नसायचं.

पिवळा गेल्यावर खाली तीन रेघा उरल्या. त्यांच्यावर पाणी शिंपडलं. दोन दिसेनाशा झाल्या, एक तशीच राहिली. पाणी चरीत भरतं, पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश विखुरायचा थांबतो. ओली असताना नाहीशी होणारी रेघ बहुतेक वेळा लॅकरमधलीच असते, रबिंग-पॉलिशने जाते किंवा निदान पुसट होते. मग त्या रेघांवरून आडवं नख फिरवलं. पहिल्या दोघींवरून ते सरळ घसरलं, तिसरीत अडकलं. नख अडकलं म्हणजे चर खोल आहे आणि ती पॉलिशने भरून येणार नाही. ती सपाट करायची तर आजूबाजूचं सगळं लॅकर तेवढ्या खोलीपर्यंत उतरवावं लागेल, आणि तेवढं लॅकर असतंच कुठे?

या लॅकरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ते फुकट घालवलेलं पाहून मला खरंच वाईट वाटतं. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या निम्मी. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला तेच वाचवतं. दर रबिंगला त्यातले थोडे मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. पत्र्यावर निदान रंगाची जाडी मोजता येते. पण त्या नेहमीच्या यंत्राला खाली धातू लागतो, प्लास्टिकच्या बंपरवर ते काहीच सांगत नाही. त्यामुळे बंपरवर मशीन चालवणारा माणूस निव्वळ अंदाजावर असतो. कोपऱ्यावर आणि उठावदार रेषेवर तर लॅकर सगळ्यात आधी संपतं. "रबिंगने सगळं जातं" म्हणणारा आणि "पूर्ण मारायला लागेल" म्हणणारा, दोघेही न तपासता बोलत असतील तर सारखंच नुकसान करतात.

बंपर प्लास्टिकचा आहे हे निर्णय घेताना विसरू नका. दाराचा पत्रा उघडा पडला की तो गंजणार. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तर तिथे दिरंगाई चालतच नाही. बंपर गंजत नाही. तो बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचा असतो, आतल्या बाजूला पीपी अशी अक्षरं उठवलेली सापडतात. त्यामुळे रंग गेला असला तरी घाई नाही. सहा महिने तसाच ठेवला तरी बिघडत काही नाही, फक्त दिसतं. दाट वस्तीत रोज गाडी लावणाऱ्याने बारीकसारीक चऱ्यांसाठी दरवेळी बंपर रंगवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि रंगवायचाच झाला तर हेच प्लास्टिक आडवं येतं. पॉलिप्रॉपिलीनला रंग सहजासहजी धरत नाही. आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर लागतो. तो न मारता नुसती लांबी, म्हणजे चरा बुजवायची पुट्टी, भरून वर रंग फवारला तर डिलिव्हरीच्या दिवशी बंपर आरशासारखा दिसतो, आणि पुढे कधीतरी वॉशिंग सेंटरच्या प्रेशरखाली पोपडे सुटतात. म्हणून भाव विचारायच्या आधी "प्लास्टिक प्रायमर मारणार ना?" हे विचारा. मागच्या बंपरआड रडार असलेली नवी गाडी असेल तर त्या भागात लांबी भरू देऊ नका, जाड थरामुळे रडारचं काम बिघडू शकतं.

शेडचंही तसंच. गाडीची बॉडी कारखान्यात 160 ते 180 अंशांच्या भट्टीतून जाते, पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंशांना वितळतं. म्हणून बंपर वेगळा रंगवला जातो, कमी तापमानाला भाजला जातो. नव्या कोऱ्या गाडीतही बंपर आणि फेंडर शेजारी शेजारी नीट निरखले तर किंचित फरक दिसू शकतो. तेव्हा रंगवून आणलेल्या बंपरची शेड उन्हात, दोन-तीन कोनांतून पाहूनच गाडी ताब्यात घ्या. मेटॅलिक रंगात हा फरक जास्त खटकतो.

क्लिपा तुटल्या असतील किंवा बंपर फाटला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बदलण्याचा विचार करावा. पण नुसत्या चऱ्यासाठी विम्याचा क्लेम करायचा का, हे कागदावर मांडून पाहा. समजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता 10,000 रुपये आहे आणि सलग तीन वर्षं क्लेम नसल्याने तुम्हाला 35 टक्के नो क्लेम बोनस मिळतोय. यंदाही क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी 45 टक्के, म्हणजे 4,500 रुपये सूट. केला तर शून्य. त्याच्या पुढच्या वर्षी 50 टक्क्यांच्या जागी 20, म्हणजे आणखी 3,000 गेले. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 आणि त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये दर क्लेमला स्वतःच्या खिशातून. झिरो डेप, म्हणजे घट न कापणारं जादा कव्हर, नसेल तर नव्या बंपरच्या किमतीतून प्लास्टिकची 50 टक्के घट कापली जाते ती वेगळीच. बोनस राखणारं कव्हर घेतलेलं असेल तर मात्र हिशोब बदलतो.

माझ्या बंपरवरच्या दोन रेघा हाताने पॉलिश करून गेल्या. तिसरीसाठी दाराच्या खांबावरच्या पट्टीवरून कलर कोड घेतला, टच-अपची छोटी बाटली आणली. बाटलीतला ब्रश जाडा असतो, तो वापरला नाही. टूथपिकच्या टोकाने चरीत रंग सोडला, वाळू दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पातळ थर. उकिडवं बसून कोपऱ्याजवळ डोळे नेले तर रेघ दिसते. उभं राहून दिसत नाही.