साक्षीदाराचे समन्स (भारतीय कायदा)

साक्षीदाराचे समन्स : खटल्यातील एखादी गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याने ठरल्या तारखेला न्यायालयात येऊन ती सांगावी किंवा आपल्याजवळचा दस्तऐवज हजर करावा, असा न्यायालयाचा लेखी हुकूम. दिवाणी दाव्यात तो दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील सोळाव्या आदेशाखाली निघतो. फौजदारी खटल्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू आहे. पोलिसांनी तपासात जबाबासाठी दिलेली नोटीस वेगळी. ती न्यायालयाचे समन्स नव्हे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण भांडणाऱ्यांसाठी आहे. साक्षीदाराला ती लावणे चूक, कारण तो ना आरोपी असतो ना वादी. तरीही दारात बेलिफ (न्यायालयाचे कागद पोचवणारा कर्मचारी) किंवा पोलीस दिसला की घरातले धास्तावतात आणि पुष्कळदा कागद घ्यायलाच नकार देतात. त्याने काही साधत नाही. समन्स दोन प्रतींत असते. एक हाती देऊन दुसरीच्या मागे सही घेतात. माणूस सापडला नाही, तर फौजदारी समन्स घरातील प्रौढ व्यक्तीकडे देता येते. पूर्वी ती व्यक्ती पुरुषच असावी लागे. नव्या संहितेने ही अट काढली, हे उत्तम झाले. तेही जमले नाही तर प्रत दारावर चिकटवतात. फौजदारी समन्स आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही निघू शकते.

फक्त कागदपत्रासाठी समन्स असेल, तर ते दुसऱ्याच्या हाती पाठवले तरी हुकूम पाळला असे धरतात. दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा प्रवासखर्च आणि भत्ता त्याला बोलावणाऱ्या पक्षाने आधी भरायचा असतो. अंतरालाही मर्यादा आहे: न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्याला साधारणपणे १०० किलोमीटरच्या आतूनच जातीने बोलावता येते; वाटेच्या पाच-षष्ठांश भागात रेल्वेसारखे नियमित वाहन असेल, तर ५०० किलोमीटरच्या आतून.

समन्स मिळूनही सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास न्यायालय वॉरंट काढू शकते. दिवाणी न्यायालयाला मालमत्ता जप्त करण्याचाही अधिकार आहे. फौजदारी न्यायालय संक्षिप्त चौकशी करून ५०० रुपयांपर्यंत दंड करू शकते.

प्रत्यक्षात साक्षीदाराला जाच होतो तो दंडाचा नव्हे, तिष्ठत बसण्याचा. रोजगार बुडवून तो सकाळी येतो, पुकाऱ्याकडे कान लावून व्हरांड्यात बसतो आणि संध्याकाळी त्याला पुढची तारीख मिळते. साक्षीदार हजर असताना, खास कारण लेखी नोंदवल्याशिवाय त्याला न तपासता तहकुबी देऊ नये, म्हणजे सुनावणी पुढे ढकलू नये, असे फौजदारी संहिताच सांगते. हा नियम ढिलाईने पाळला जातो, हा न्यायव्यवस्थेचा साक्षीदारावरचा मोठा अन्याय आहे. स्वरणसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०००) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांच्या या हालांवर कठोर शब्दांत बोट ठेवले. धमक्या आणि आमिषे यांचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. फितूर, म्हणजे ऐनवेळी जबाब फिरवणारे, साक्षीदार पुष्कळदा त्यातूनच घडतात. २०१८ मध्ये महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. आता प्रत्येक राज्याने अशी योजना करावी, असे नव्या संहितेतच म्हटले आहे.

पिंजऱ्यात आधी शपथ होते. देवाचे नाव घ्यायचे नसेल, तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा चालते. मग बोलावणारा पक्ष आधी प्रश्न विचारतो, तो सरतपास; विरुद्ध पक्ष विचारतो, तो उलटतपास; गरज पडल्यास बोलावणारा पक्ष पुन्हा विचारतो, तो फेरतपास. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तरच उलटतपासात साक्षीदाराला गोत्यात आणते. उत्तरामुळे आपण स्वतः अडकू, एवढ्याच कारणाने खटल्याशी संबंधित प्रश्नाला नकार देता येत नाही. पण सक्तीने द्यावे लागलेले असे उत्तर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. अपवाद खोट्या साक्षीच्या खटल्याचा.

आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदाराने तारखेआधीच न्यायालयाला कळवावे. न्यायालय कमिशन नेमून, म्हणजे आपल्या वतीने कोणाला तरी पाठवून, घरी जबाब नोंदवू शकते. दृक्‌श्राव्य माध्यमातून घेतलेली साक्ष सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात ग्राह्य मानली आहे.