स्वभाव जन्मतः मिळतो, मग संगोपन काय करतं?

चार महिन्यांचं बाळ छोट्याशा खुर्चीत रेलून बसलंय. पोट भरलंय, झोपही झाली आहे. त्याच्या डोळ्यांसमोर रंगीत खेळणी हलवली जातात. मग ध्वनिफितीवरून अनोळखी आवाज ऐकू येतो. थोड्या वेळाने स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा नाकाजवळ धरला जातो. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त सगळं नवीन आहे. काही बाळं हा प्रकार निवांत बघत राहतात, मधूनच हसतात. काही मात्र हातपाय झाडू लागतात, पाठीची कमान करतात आणि शेवटी भोकाड पसरतात.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो बाळांची अशी पाहणी केली. साधारण पाचातलं एक बाळ जोरदार प्रतिक्रिया देणारं निघालं, पाचातली दोन शांत राहिली आणि उरलेली अधलीमधली. चार महिन्यांच्या बाळाला कुणी भित्रेपणा शिकवलेला नसतो. हा फरक ते बऱ्याच अंशी सोबत घेऊनच आलेलं असतं. नव्या गोष्टीची मेंदूत किती पटकन आणि किती जोरात दखल घेतली जाते, यात माणसामाणसांत उपजतच फरक असतो. अमिग्डला नावाचा मेंदूतला छोटासा भाग या कामात पुढे असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन वर्षांचे असताना ज्यांची नोंद बुजरी मुलं म्हणून झाली होती, अशा तरुणांना एमआरआय यंत्रात अनोळखी चेहरे दाखवले गेले. लहानपणी धीट असलेल्यांच्या तुलनेत यांची अमिग्डला अधिक जोमाने चेतवली गेली. मधे जवळपास वीस वर्षं गेली होती.

इथवर वाचून ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ यावर शिक्कामोर्तब झालं असं वाटेल. पण केगन यांच्या नोंदी पुढे वाचल्या की चित्र बदलतं. चौथ्या महिन्यात आकांत करणाऱ्या बाळांपैकी बरीचशी मुलं पुढे फारशी बुजरी राहिली नाहीत. शाळेत गेली, मित्र जमवले, चारचौघांसारखी वागू लागली. मात्र त्यांच्यातून एखादं कमालीचं बिनधास्त, कशाचीच फिकीर नसलेलं मूल निघणं दुर्मीळ होतं. माझ्या मते या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. मूल कसं होईल हे उपजत स्वभावावरून नेमकं सांगता येत नाही. कसं होण्याची शक्यता कमी आहे, एवढं मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. मधे जी मोकळी जागा उरते ती मोठी आहे, आणि संगोपन तिथेच काम करतं.

मग लोक विचारतात, टक्के किती? यासाठी जुळ्यांच्या अभ्यासाकडे बोट दाखवलं जातं. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात, तर द्विबीज जुळ्यांची इतर सख्ख्या भावंडांइतकीच जुळतात. एखाद्या बाबतीत पहिल्या प्रकारची जुळी एकमेकांसारखी असण्याचं प्रमाण दुसऱ्या प्रकारापेक्षा जितकं जास्त, तितका आनुवंशिकतेचा वाटा मोठा, असा हा हिशेब आहे. २०१५ साली पन्नास वर्षांतल्या २,७००हून अधिक शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला गेला. शरीर आणि मन मिळून हजारो गुणविशेषांतल्या आनुवंशिकतेच्या वाट्याची सरासरी निघाली ४९ टक्के.

हा आकडा फार चुकीचा वाचला जातो. आपल्या मुलाचा निम्मा राग जनुकांमुळे आणि निम्मा घरामुळे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. एका मोठ्या समूहातली माणसं एकमेकांपेक्षा वेगळी का आहेत, एवढ्यापुरताच तो बोलतो. एका मुलाबद्दल तो काहीच सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांचा म्हणून एक दाखला सांगितला जातो: आयताचं क्षेत्रफळ लांबीमुळे किती आणि रुंदीमुळे किती, असं विचारून चालेल का? शिवाय हा आकडा परिस्थितीनुसार बदलतो. सगळ्यांना सारखंच वातावरण मिळालं तर उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा आपोआप मोठा दिसेल. जनुकं तीच राहतील, टक्का तेवढा वाढेल.

जनुकांच्या बाजूने घाई झाल्याचं एक ठळक उदाहरणही आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२–७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्यातून २००३ साली असा निष्कर्ष आला की, मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेली माणसं आयुष्यातल्या आघातांनी नैराश्यात जास्त सहज लोटली जातात. कल्पना इतकी मोहक होती की पुढच्या दीड दशकात त्यावर शोधनिबंधांचा ढीग लागला. २०१९ साली लाखो लोकांची माहिती तपासल्यावर त्या जनुकाचा असा खास प्रभाव सापडलाच नाही. भावनिक घडणीत जनुकांचा हात आहे, यात शंका नाही. पण तो हजारो जनुकीय फरकांचा मिळून आहे आणि त्यातल्या एकेकाचा वाटा अगदी नगण्य. त्यामुळे एखाद्या चाचणीवरून मुलाचा भावनिक स्वभाव सांगण्याचा दावा कुणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता संगोपनाची बाजू. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकल मीनी यांच्या गटाने उंदरांच्या माद्या पाहिल्या. काही माद्या पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात भरपूर चाटली गेलेली पिल्लं मोठेपणी ताण आला तरी लवकर सावरतात. हे रक्तातूनच आलेलं असेल का? म्हणून पिल्लांची अदलाबदल केली गेली. कमी चाटणाऱ्या मादीची पिल्लं भरपूर चाटणाऱ्या मादीजवळ वाढली, तेव्हा ती सांभाळणाऱ्या आईच्या वळणावर गेली. २००४ साली या गटाने यामागची एक यंत्रणाही दाखवली. ताणाच्या संप्रेरकाला लगाम घालणाऱ्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा चाटण्यामुळे बदलतात आणि ते जनुक जास्त काम करू लागतं. म्हणजे जनुक तेच राहिलं, त्याचा वापर बदलला. अर्थात उंदीर हा उंदीर असतो. हा शोध जसाच्या तसा माणसावर लावण्याचा उत्साह मला घाईचा वाटतो.

माणसांच्या बाबतीत असा प्रयोग मुद्दाम करता येत नाही, करूही नये. पण इतिहासाने तो एकदा क्रूरपणे केला. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर कडक बंदी आणली. लोकसंख्या वाढवायची होती. ज्या घरांना मुलं पोसवेनात, त्यांची मुलं सरकारी संस्थांत जाऊ लागली. १९८९ साली राजवट कोसळली तेव्हा लाखाहून जास्त मुलं अशा संस्थांत होती. खायला मिळत होतं, डोक्यावर छप्पर होतं. पण एकेका बाईच्या वाट्याला अनेक मुलं, आणि त्या बायाही पाळीनुसार बदलणाऱ्या. बाळ रडलं तरी कुणी येईलच असं नाही. अशा ठिकाणी बाळं हळूहळू रडायचंच थांबवतात.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकी संशोधकांनी २००० साली रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये काम सुरू केलं. संस्थांमधली १३६ मुलं, वय सहा ते एकतीस महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी झाली. निम्मी मुलं दत्तक न घेता सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली, निम्म्यांची आहे तीच व्यवस्था चालू राहिली. तिथे अशी सांभाळणारी कुटुंबं तेव्हा जवळजवळ नव्हतीच, ती या प्रकल्पाने उभी केली. उरलेल्या मुलांना संस्थेतच अडकवून ठेवायचं नाही, बाहेर जाण्याची संधी आली तर जाऊ द्यायचं, असंही ठरलेलं होतं. तरीही या प्रयोगाच्या नैतिकतेवर बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

चिठ्ठ्यांमुळे एक गोष्ट साधली. शांत, बुजरी, चिडकी, सगळ्या स्वभावांची मुलं दोन्ही गटांत सारखी विखुरली गेली. त्यामुळे पुढे दिसलेला फरक जन्मजात स्वभावाच्या खात्यावर टाकता येत नव्हता. मुलं साडेतीन वर्षांची झाली तेव्हा कुटुंबातल्या सुमारे निम्म्या मुलांचं सांभाळणाऱ्या व्यक्तीशी भरवशाचं नातं जुळलेलं होतं, म्हणजे घाबरल्यावर धाव कुणाकडे घ्यायची हे त्यांना ठाऊक होतं आणि तिथे गेल्यावर ती शांत होत होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण पाचातल्या एकाहूनही कमी होतं. कुटुंबातल्या मुलांमध्ये चिंता आणि उदासपणाचे विकारही कमी आढळले. पण चंचलता आणि लक्ष न लागणं यांत मात्र फारसा फरक पडला नाही. मूल किती लहान असताना कुटुंबात गेलं, यालाही महत्त्व होतं. बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांना थोड्या ताणाच्या प्रसंगातून नेलं गेलं. संस्थेत वाढलेल्या मुलांच्या शरीराची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया मंदावलेली होती. जी दुसरा वाढदिवस उलटण्याआधी कुटुंबात गेली होती, त्यांची प्रतिक्रिया बरीचशी इतर मुलांसारखी होती.

हे वाचून पालकांच्या मनात धास्ती बसू नये. रुमानियातल्या संस्था आणि साधंसुधं घर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात आई आणि बाळ समोरासमोर बसवून त्यांचं चित्रण केलं. आधी नेहमीसारखा खेळ, मग दोनेक मिनिटं आईने चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, मग हुंकार देतं, हात पुढे करतं, मग नजर फिरवतं आणि शेवटी रडतं. हे चित्रण बघवत नाही. पण ट्रॉनिक यांच्याच कामातून दुसरी गोष्टही पुढे आली, जी कमी सांगितली जाते. नेहमीच्या, अगदी छान चाललेल्या खेळातही आई आणि बाळाचे सूर जेमतेम तीस टक्के वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवाजुळव यातच जातो. बाळ सावरायला शिकतं ते या जुळवाजुळवीतून. सतत हसतमुख राहण्याचं ओझं पालकांनी खरोखर उतरवून ठेवावं.

आता राहिली ती सगळ्यांत गुंतागुंतीची गोष्ट. मूल आपलं वातावरण स्वतःही घडवत असतं. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दत्तक मुलांच्या एका अभ्यासात, ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसनाचा किंवा समाजविघातक वागण्याचा इतिहास होता, ती मुलं अधिक भांडखोर होती. त्यांचे दत्तक आईवडीलही त्यांच्याशी अधिक कठोरपणे वागत होते. रक्ताचं नातं नसताना हा कठोरपणा कुठून आला? मुलाच्या वागण्याने तो ओढवून घेतला होता. मग त्या कठोरपणाने मूल आणखी बिथरतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आईबाप वाईट, किंवा मूल वाईट.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये १९५६पासून १३३ मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. साधारण दहा टक्के मुलं सांभाळायला कठीण होती. झोपेचा नेम नाही, बदल सोसत नाही, रडणं जोरात. त्यांचा निष्कर्ष असा की स्वभाव चांगला किंवा वाईट नसतो, तो भोवतालाशी जुळतो किंवा जुळत नाही. केनियातल्या मसाई लोकांमध्ये मार्टेन डेव्हरीस या संशोधकांना याचं टोकाचं रूप दिसलं. १९७०च्या दशकातल्या भीषण दुष्काळाच्या वेळी त्यांनी अगदी किरकिरी आणि अगदी शांत बाळं नोंदवून ठेवली होती. नंतर सापडलेल्या शांत सात बाळांपैकी पाच दगावली होती, तर किरकिऱ्या सहांपैकी एकच. आकडे फार लहान आहेत, त्यावर सिद्धांत उभा राहत नाही. पण जे बाळ आकांत करतं ते आधी छातीशी घेतलं जातं, हा डेव्हरीस यांचा खुलासा पटण्याजोगा आहे. इतर ठिकाणी डोकेदुखी ठरणाऱ्या स्वभावाने तिथे बहुधा जीव वाचवला.

बुजऱ्या मुलांच्या बाबतीत हीच जुळणी नाजूक होते. मूल घाबरलं की त्याला लगेच उचलून बाजूला नेणं मायेचंच असतं. पण केगन यांच्या गटाला असं आढळलं की, जोरदार प्रतिक्रिया देणाऱ्या बाळांच्या ज्या आया प्रत्येक वेळी संरक्षण देत होत्या, त्यांची मुलं दुसऱ्या वर्षी जास्त भित्री होती. ज्या आया प्रेमाने, पण ठामपणे मर्यादा घालत आणि मुलाला थोडं अवघडू देत, त्यांची कमी. शांत स्वभावाच्या मुलाला याने फारसा फरक पडत नाही.

हे कसब शिकवता येतं का? नेदरलँड्समध्ये डिम्फना व्हॅन डेन बोम यांनी जन्मानंतर लगेच अतिशय चिडकी आढळलेली १०० बाळं निवडली. सगळी गरीब घरांतली. अशा बाळांच्या आया बाळ रडलं की थकून दुर्लक्ष करू लागतात आणि शांत असलं की ‘आता कशाला छेडा’ म्हणून दूर राहतात. म्हणजे बाळाला दोन्हीकडून माणूस मिळत नाही. निम्म्या घरी सहाव्या ते नवव्या महिन्यात तीन वेळा भेट दिली गेली, एवढंच. भेटीत बालसंगोपनावर व्याख्यान नव्हतं. आईच्या शेजारी बसून तिच्याच बाळाकडे बघायचं: आत्ता त्याने मान फिरवली, म्हणजे त्याला थोडं थांबायला हवंय. आत्ता तो आवाज काढतोय, तसाच आवाज आपणही काढून बघू. रडतोय, तर त्याला कशाने बरं वाटतं ते शोधू. नवव्या महिन्यात ही बाळं कमी रडत होती आणि जास्त खेळत होती. वर्षाची झाली तेव्हा यातल्या अर्ध्याहून जास्त बाळांचं आईशी भरवशाचं नातं होतं. भेटी न मिळालेल्यांत ते चौथा हिस्सा बाळांच्या आसपास होतं. मुलं साडेतीन वर्षांची झाली तेव्हाही हा फरक पुसला गेला नव्हता. बाळांचा जन्मजात स्वभाव कुणी बदललेला नव्हता. तो ओळखायला त्यांच्या आयांना थोडी मदत मिळाली होती.