मोटारशर्यतींतील संघवर्चस्व व स्पर्धात्मक समतोल

संघवर्चस्व व स्पर्धात्मक समतोल, मोटारशर्यतींतील : शर्यतींच्या एखाद्या मालिकेत हंगामातील बहुतेक शर्यती एकाच संघाने जिंकणे, किंवा एकच संघ सलग अनेक हंगाम अजिंक्य राहणे, याला संघवर्चस्व म्हणतात. सहभागी संघांच्या जिंकण्याच्या शक्यतांत फार तफावत नसणे हा स्पर्धात्मक समतोल. प्रस्तुत नोंद मुख्यतः १९५० पासून चालू असलेल्या फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपद मालिकेविषयी आहे. इतर मालिकांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

समतोलाची कल्पना क्रीडा-अर्थशास्त्रातून आली. सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजाराचा विचार करताना निकालाच्या अनिश्चिततेचा संबंध प्रेक्षकसंख्येशी जोडला. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये मुष्टियोद्धा ज्यो लुइसचे उदाहरण घेऊन दाखवले, की तुल्यबळ प्रतिस्पर्धी नसेल तर विजेत्याचीच कमाई आटते. पुढील अभ्यासकांनी या गृहीतकाच्या ज्या कसोट्या घेतल्या, त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. मोटारशर्यतींना ते लावताना आणखी एक अडचण येते. बहुतेक खेळांत साधने सर्वांना सारखी असतात. फॉर्म्युला वनमध्ये संघाने स्वतःची गाडी घडवावी असा नियमच आहे. त्यामुळे गाड्यांमधील तफावत हा या खेळाचा दोष मानायचा की आशय, हा वाद जुना आहे.

पूर्वपीठिका : वर्चस्व जागतिक अजिंक्यपदाहून जुने आहे. १९३४ पासून लागू झालेल्या ७५० किग्रॅ. कमाल वजनाच्या नियमाचा हेतू वेगाला आळा घालण्याचा होता. हलके मिश्रधातू आणि सरकारी अर्थसाहाय्य हाताशी असलेल्या मर्सिडीज-बेंझ व ऑटो युनियन या जर्मन कंपन्यांनी त्याच मर्यादेत पूर्वीपेक्षा कितीतरी शक्तिशाली गाड्या बनवल्या. १९३५ ते १९३८ ची चारही युरोपीय अजिंक्यपदे या दोन संघांच्या चालकांकडे गेली. १९३५ च्या जर्मन ग्राँ प्रीत (ग्राँ प्री म्हणजे बहुधा देशाच्या नावाने होणारी प्रमुख शर्यत) ताझिओ नुव्होलारीने जुन्या आल्फा रोमिओने मिळवलेला विजय आजही सांगितला जातो, याचे कारण तो अपवाद होता. १९३९ चे अजिंक्यपद युद्धामुळे अधिकृतपणे जाहीरच झाले नाही.

१९५०–५३ आणि मोजणीचा प्रश्न : पहिल्या जागतिक हंगामात सात शर्यती होत्या. आल्फा रोमिओने त्यांपैकी सहांत भाग घेतला व सहाही जिंकल्या. जुझेप्पे फारिना आणि ह्वान मान्वेल फान्जिओ यांनी प्रत्येकी तीन. सातवी शर्यत अमेरिकेतील इंडियानापोलिस ५००. ती वेगळ्या नियमांनी होत असे, युरोपीय संघ तिकडे क्वचितच फिरकत, तरीही १९५० ते १९६० या काळात तिचे गुण अजिंक्यपदात धरले जात. त्यामुळे आल्फाचा वाटा सातपैकी सहा धरावा की सहापैकी सहा, हे मोजणाऱ्यावर अवलंबून राहते.

याहून अवघड आहे १९५२. आल्फा रोमिओने १९५१ अखेर माघार घेतली; निधीची चणचण हे त्याचे कारण सहसा दिले जाते. ब्रिटिश बीआरएम गाड्यांचा भरवसा नव्हता आणि एप्रिल १९५२ मध्ये त्यूरिन येथील शर्यतीस त्या आल्याच नाहीत. फेरारीला फॉर्म्युला वन गाड्यांत तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही, म्हणून इंडियानापोलिस वगळता १९५२ व १९५३ च्या अजिंक्यपद शर्यती दोन लिटर इंजिनांच्या, खालच्या श्रेणीच्या फॉर्म्युला टू नियमांनी झाल्या. हा निर्णय कोणाचा, याबाबत वर्णने जुळत नाहीत. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने म्हणजे एफआयएने तो घेतला असे सरसकट लिहिले जाते. मात्र निरनिराळ्या ग्राँ प्रींच्या आयोजकांनी आपापल्या शर्यती फॉर्म्युला टूकडे वळवल्या आणि महासंघाने त्यावर शिक्कामोर्तब केले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एकाच संघाच्या वर्चस्वाची धास्ती घेऊन अजिंक्यपदाचे सूत्रच बदलण्याचा हा बहुधा पहिला प्रसंग. उपाय उलटाच पडला. फेरारीची ‘५००’ ही फॉर्म्युला टू गाडी तयारच होती. तिने १९५२ मधील सातही युरोपीय शर्यती जिंकल्या; स्वित्झर्लंडची पिएरो तारुफीने, उरलेल्या सहा आल्बेर्तो आस्कारीने. आस्कारी स्वित्झर्लंडला नव्हता, कारण त्या सुमारास तो इंडियानापोलिसला फेरारीच घेऊन गेला होता आणि तेथे चाक निकामी होऊन बाद झाला.

याचा परिणाम आकडेवारीवर होतो. आल्फाला ‘तेथे गेलेच नव्हते’ अशी सवलत देता येते. फेरारीला ती काटेकोरपणे देता येत नाही. ती नाकारली, तर १९५२ चा वाटा आठपैकी सात म्हणजे ८७.५ टक्के होतो. पण इंडियानापोलिसची फेरारी साडेचार लिटर इंजिनाची, अगदी निराळी गाडी होती. एका गाडीचे वर्चस्व मोजायचे असेल तर ‘५००’ चा वाटा शंभर टक्केच धरावा लागतो. आस्कारीच्या १९५२–५३ मधील सलग नऊ विजयांचेही असेच आहे. मधल्या १९५३ च्या इंडियानापोलिस शर्यतीत तो नव्हता; ती साखळीत धरली तर सलग विजय सातच भरतात. संदर्भग्रंथ बहुधा नऊ हाच आकडा देतात. सेबास्टियन फेटेलने २०१३ मध्ये त्याची बरोबरी केली आणि माक्स फेरस्टापनने २०२३ मध्ये सलग दहा शर्यती जिंकून तो मागे टाकला, ही मांडणीही नऊचा आकडा गृहीत धरूनच केलेली आहे.

मोजमाप : विजयांची टक्केवारी हे सर्वांत सोपे माप. त्याहून थोडे नेमके माप हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांकाने मिळते : हंगामातील विजयांत प्रत्येक संघाचा जो वाटा असेल त्याचा वर्ग करून सर्व वर्गांची बेरीज करायची. सर्व शर्यती एकाच संघाने जिंकल्या तर उत्तर १ येते. विजय जितके विखुरलेले तितके ते शून्याकडे सरकते. १९८२ मध्ये १६ शर्यती सात संघांनी व अकरा चालकांनी जिंकल्या, निर्देशांक ०.१९. त्या वर्षीचा विजेता चालक केके रोसबर्ग याने एकच शर्यत जिंकली होती. मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या त्या १९८८ चा निर्देशांक ०.८८, रेड बुलने २२ पैकी २१ जिंकल्या त्या २०२३ चा ०.९१. दोन्ही हंगामांत उरलेली एकुलती एक शर्यत फेरारीने घेतली, पहिली मोंझात आणि दुसरी सिंगापूरला.

गुणांच्या मापाने चित्र थोडे बदलते. २००२ मध्ये फेरारीने २२१ गुण मिळवले आणि बाकी सर्व संघांची बेरीजही नेमकी २२१ भरली. २०२३ मध्ये फेरस्टापनचे एकट्याचे ५७५ गुण दुसऱ्या क्रमांकावरील मर्सिडीज संघाच्या ४०९ गुणांहून अधिक होते.

संघांच्या पातळीवरील कोणतेही माप एका गोष्टीबाबत आंधळे असते. १९८८ मध्ये आयर्टन सेनाने आठ, अलँ प्रोस्तने सात शर्यती जिंकल्या. एकूण गुण प्रोस्तचे अधिक (१०५ विरुद्ध ९४), पण उत्कृष्ट अकरा निकालच धरण्याच्या तत्कालीन नियमामुळे सेना ९० विरुद्ध ८७ असा विजयी ठरला. १९८४ मध्ये १६ पैकी १२ शर्यती मॅक्लारेनच्या होत्या आणि निकी लाउडाने संघसहकारी प्रोस्तला अवघ्या अर्ध्या गुणाने मागे टाकले. २०१६ मध्ये मर्सिडीजकडे २१ पैकी १९ विजय होते, तरी निको रोसबर्ग व लुइस हॅमिल्टन यांचा निर्णय शेवटच्या शर्यतीत लागला. उलट २००२ मध्ये मिखाएल शूमाखरचे विजेतेपद सहा शर्यती शिल्लक असतानाच, जुलैमध्ये निश्चित झाले. चारही हंगाम संघवर्चस्वाचेच. प्रेक्षकांना मात्र चौथाच रटाळ वाटला. त्या वर्षी ऑस्ट्रियात संघाच्या आदेशावरून रुबेन्स बारिकेलोने शेवटच्या क्षणी शूमाखरला पुढे जाऊ दिले, त्यावर उठलेला गदारोळ पाहता प्रेक्षकांचा रोष वर्चस्वापेक्षा संघांतर्गत चुरस मारण्यावर अधिक असावा.

वर्चस्वाची कारणे : प्रत्येक वर्चस्वामागे बहुधा एखादे तांत्रिक मर्म सापडते. लोटस ‘७९’ ने (१९७८) गाडीखालून वाहणाऱ्या हवेचा उपयोग करून डाउनफोर्स (गाडीला रस्त्याकडे दाबणारे हवेचे बल) वाढवला. १९९२ च्या विल्यम्स ‘एफडब्ल्यू१४बी’ मध्ये संगणकनियंत्रित सस्पेन्शन (चाके व गाडी यांमधील धक्के शोषणारी यंत्रणा) होते. २००९ मध्ये होंडाने सोडून दिलेल्या संघातून उभ्या राहिलेल्या ब्रॉनने दुहेरी डिफ्यूझरच्या (गाडीखालची हवा मागून बाहेर सोडणाऱ्या भागाच्या) बळावर हंगामाची सुरुवात केली आणि जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. मर्सिडीजच्या २०१४ च्या संकरित (इंधन व वीज दोन्हींवर चालणाऱ्या) इंजिनात टर्बोचे (जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे) टर्बाइन व कॉम्प्रेसर इंजिनाच्या दोन टोकांना बसवले होते. त्या काळी इंजिनात हंगामागणिक किती फेरफार करता येतील यावर ‘टोकन’ची मर्यादा होती. खर्च आवरण्यासाठी आणलेल्या या मर्यादेमुळे मागे पडलेल्यांचे हात बांधले गेले आणि आघाडीवरच्याला कवच मिळाले. मर्सिडीजने २०१४ ते २०२१ अशी सलग आठ कन्स्ट्रक्टर्स (म्हणजे चालकांची नव्हे, संघांची) विजेतेपदे मिळवली; टोकन २०१७ पासून रद्द झाले. मर्माला पैशाची आणि सरावाची जोड लागते. फेरारीच्या १९९९–२००४ या सलग सहा विजेतेपदांत फिओरानो येथील स्वतःचा सराव-मार्ग आणि टायर कंपनी ब्रिजस्टोनशी असलेले निकटचे संबंध यांचा वाटा मोठा होता.

उपाय : सर्वांत जुना उपाय म्हणजे तांत्रिक मर्मावरच बंदी. टर्बो इंजिने १९८८ अखेर गेली, पण मॅक्लारेन-होंडाने पुढील तीनही वर्षे विजेतेपद राखले. संगणकीय साहाय्यांवर १९९४ पासून बंदी आली. कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद विल्यम्सकडेच राहिले. २००५ मध्ये शर्यतीत टायर बदलण्यास मनाई झाली, तेव्हा मात्र फेरारी एका विजयावर आली, आणि तोही मिशलँ टायर वापरणारे संघ हटल्यावर सहाच गाड्या धावल्या त्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत. पुढच्याच वर्षी ती मनाई उठली. गुणपद्धतीतील बदल (२००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकास सहाऐवजी आठ गुण) विजेतेपदाचा निर्णय लांबवतात. गाडीच्या वेगाला त्यांचा स्पर्श होत नाही.

दुसरा मार्ग साधनसंपत्तीचा. २००९ पासून हंगामातील सरावावर कडक निर्बंध आले. २०२१ पासून संघांना १४.५ कोटी डॉलरची वार्षिक खर्चमर्यादा लागू झाली व ती २०२३ पर्यंत १३.५ कोटींवर आणण्यात आली. चालकांचे वेतन तिच्यात मोडत नाही. तिच्या जोडीला उतरत्या क्रमाची वायुगतिकी चाचणी-मर्यादा आहे : २०२२ पासून विजेत्या संघाला विंड टनेल (गाडीची प्रतिकृती हवेच्या झोतात तपासण्याचा बोगदा) व संगणकीय चाचण्यांचा ७० टक्के, सातव्याला १०० टक्के आणि दहाव्याला ११५ टक्के वाटा मिळतो. २०२१ ची खर्चमर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलर दंड झाला व तिच्या चाचणी-वाट्यातून आणखी दहा टक्के कापले गेले, म्हणजे २०२३ साठी ७० वरून ६३ टक्के. त्याच वर्षी संघाने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. यावरून पद्धत निष्फळ ठरवणे घाईचे होईल, कारण एका वर्षीच्या चाचण्यांचे फळ पुष्कळदा पुढील गाडीत दिसते. २०२४ मध्ये चार संघांनी विजय वाटून घेतले (रेड बुल ९, मॅक्लारेन ६, फेरारी ५, मर्सिडीज ४), निर्देशांक ०.२७ वर आला आणि मॅक्लारेनला १९९८ नंतर प्रथमच कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद मिळाले.

अभ्यासकांचा एक पक्ष वारंवार मोठे नियमबदल करावेत असे म्हणतो; दुसऱ्याच्या मते नियम स्थिर राहिले तर मागचे संघ अनुकरणाने आपोआप जवळ येतात. २००९, २०१४ व २०२२ या तिन्ही मोठ्या बदलांच्या वर्षी कोणीतरी एक संघ पुढे निसटला. नियम फारसे न बदलता काही हंगाम गेल्यावर, जसे २०१२ मध्ये (पहिल्या सात शर्यतींत सात वेगळे विजेते) किंवा २०२४ मध्ये, अंतर घटले. हे पाहता दुसऱ्या पक्षाकडे कल झुकतो. मात्र १९८८ आणि २००२ हे हंगाम काही मोठ्या नियमबदलाचे नव्हते, ही त्या पक्षाची अडचण आहे.

इतर मालिका : ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत पोर्शने १९८१–८७ असे सलग सात विजय मिळवले; औडीने २००० ते २०१४ या काळात तेरा. सध्या तेथील सर्वोच्च वर्गात वजन व इंजिनशक्ती यांत फेरफार करून निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या मुद्दाम एका पातळीवर आणल्या जातात. तरीही २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी फेरारी गाडीच जिंकली. अमेरिकेतील इंडीकार मालिकेत सर्वांना दलारा कंपनीची एकच चॅसी (गाडीचा सांगाडा) व दोनच कंपन्यांची इंजिने मिळतात. २०१३ ते २०२५ ची सर्व विजेतेपदे मात्र पेन्स्की आणि गनासी या दोन संघांतच राहिली. रॅलीमध्ये लान्सियाने १९८७–९२ अशी सलग सहा उत्पादक-विजेतेपदे घेतली. मोटोजीपी मोटारसायकल मालिकेत मागे पडलेल्या कंपन्यांना सराव व इंजिनविकासात श्रेणीवार सवलती दिल्या जातात. सुधारित सवलतपद्धतीच्या पहिल्या वर्षी, २०२४ मध्ये, डुकाटीने २० पैकी १९ मुख्य शर्यती जिंकल्या.