शाहिराला एवढं आठवतं कसं?

पोवाडा ऐकून उठलेला माणूस हमखास म्हणतो, "काय पाठांतर आहे शाहिराचं!" मला मात्र त्या वेळी पोवाड्याच्या बांधणीलाच दाद द्यावीशी वाटते. निम्मं काम तिचं असतं.

करून बघा. रात्री उजेड देणारी एखादी वस्तू सांगा. दिवा, पणती, समई, कंदील, काहीही सुचेल. आता 'शाल'ने संपणारा शब्द सांगा: विशाल, खुशाल. आता दोन्ही अटी एकदम लावा. मशाल! दुसरं काही सुचतच नाही. डेव्हिड रुबिन आणि वांडा वॉलेस या मानसशास्त्रज्ञांनी 1989 साली याच धर्तीचे प्रयोग प्रसिद्ध केले. नुसत्या अर्थावरून किंवा नुसत्या यमकावरून नेमका शब्द क्वचितच सुचे. दोन्ही खुणा मिळाल्या की जवळजवळ हमखास. शाळेतले संच आठवा. दोन मोठ्या संचांच्या छेदात कधी कधी एकच घटक उरतो.

पोवाड्यात असे छेद ओळीओळीला पडतात. चाल सांगते, उरलेल्या मात्रांत केवढा शब्द मावेल. कथा सांगते, खान प्रतापगडाखाली आल्याशिवाय भेट होणार नाही. शिवाय झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे सूर धरणाऱ्या साथीदारांनी, 'जी जी रं जी' धरलं की शाहिराला पुढच्या ओळीपुरती उसंत मिळते.

'संगीत ऐका, स्मरणशक्ती वाढवा' या जाहिरातींना मात्र भुलू नका. वॉलेस यांच्याच 1994च्या प्रयोगात, चाल अनेक कडव्यांत पुन्हा पुन्हा आली तेव्हाच शब्द जास्त लक्षात राहिले. एकच कडवं ऐकवलं तेव्हा चालीचा फायदा झाला नाही. चौकामागून चौक, म्हणजे पोवाड्याचा एकेक भाग, त्याच चालीवर घोळतो, म्हणून पोवाडा तोंडात बसतो.

तरीही तो अक्षरशः तसाच राहत नाही. 1930च्या दशकात मिलमन पॅरी या अमेरिकी अभ्यासकांनी युगोस्लाव्हियातल्या कथागायकांची ध्वनिमुद्रणं केली. गायक शपथेवर सांगत, एक शब्दही बदलला नाही. ध्वनिमुद्रणांत मात्र ओळीच्या ओळी वेगळ्या. अटीत बसणारा दुसरा शब्द चालून जातो, आणि जिथे अटी ढिल्या तिथेच शब्द सरकतात.

अफजलखानवधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा इतिहासाचं साधन म्हणून वाचताना मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यमकातला शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याची शक्यता अधिक, पण तो मुळात यमकासाठीच निवडलेला असू शकतो. ओळीच्या पोटातला आकडा किंवा नाव गाता गाता बदललेलं असू शकतं. दोन शाहिरांकडून एकच पोवाडा ऐकायला मिळाला, तर ओळींचे शेवट आणि ओळींचे मध्य वेगवेगळे ताडून बघा.