पाणी नेमकं कुठं मुरतंय?

'गाडलं की मिटलं' हा समज कचऱ्याच्या बाबतीत फार घातक आहे. अमेरिकेत कोलंबिया नदीकाठच्या हॅनफर्डला 1943 साली अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियमचा प्रकल्प उभा राहिला. तिथल्या '300 एरिया'त युरेनियमचं इंधन बनायचं आणि सांडपाणी तळ्यांत, चरांत सोडलं जायचं. पाणी खाली गेलं, युरेनियम मातीला चिकटून राहिलं. आता नदी फुगली की भूजल वर चढतं, तो थर भिजतो आणि युरेनियम पुन्हा सुटू लागतं.

त्यावर उपाय म्हणजे पॉलिफॉस्फेटचं द्रावण जमिनीत मुरवणं. फॉस्फेट आणि कॅल्शियम मिळून ॲपेटाइट हे न विरघळणारं खनिज बनतं आणि युरेनियमवर त्याचा लेप बसतो. पण द्रावण तिथवर पोचायला हवं. जाड गोट्यांतून ते एकाच वाटेनं निसटतं, बारीक गाळाच्या थरावर आडवं पसरतं. लेप बसण्याआधीच पाणी पुढे गेलं, तर सुटं युरेनियम सोबत घेऊन जातं.

म्हणून द्रावण कुठं जातंय हे कळायला जमिनीत वीज सोडून बघतात. चार इलेक्ट्रोड, म्हणजे धातूचे खुंटे, घ्या: दोघांतून प्रवाह सोडायचा, उरलेल्या दोघांत व्होल्टेज मोजायचं. वाळूच्या कणातून वीज जवळपास जात नाही. ती जाते कणांमधल्या पाण्यातल्या आयनांवरून. स्वच्छ वाळूत पाणी निम्मं झालं, की रोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण चौपट होते! फॉस्फेटचं द्रावण तर खारं, त्यामुळे ते उतरेल तिथं रोधकता धाडकन पडते. इलेक्ट्रोडची ओळ लावून अशा अनेक मोजण्यांतून जमिनीतल्या रोधकतेचं चित्र तयार होतं. मुरवण्याआधीचं चित्र पक्कं करून नंतरच्या प्रत्येक चित्रातून ते वजा केलं, की उरतो तो फक्त बदल.

इलेक्ट्रोडच्या जमिनीवरच्या ओळीतून तिच्या लांबीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकंच खोल दिसतं. 50 मीटरला 10 मीटर. त्याहून खाली बघायचं तर इलेक्ट्रोड बोअरमध्ये उतरवावे लागतात. कोरड्या गोट्यांत प्रवाहच शिरत नाही, तेव्हा इलेक्ट्रोडभोवती ओलं बेंटोनाइट (पाणी धरून ठेवणारी चिकणमाती) भरतात. बोअरचा लोखंडी पाइप वीज स्वतःकडे ओढतो आणि चित्र बिघडवतो. तापमान एका अंशानं वाढलं तरी रोधकता सुमारे 2 टक्के घटते. ही दुरुस्ती राहिली तर ऊन तापलं म्हणून पाणी मुरल्याचा भास होतो. शिवाय प्रवाहाची आणि व्होल्टेजची जोडी अदलाबदल करून पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, न जुळणारी मोजणी बाद. हातात काडी धरून पाणी सांगणाऱ्यांकडे अशी उलटतपासणी नसते, म्हणूनच त्यांच्यावर विसंबू नये.

ओलावा वाढला का क्षार वाढले, हे मात्र एकटी रोधकता सांगू शकत नाही. त्यासाठी विहिरीतून नमुने घ्यावेच लागतात. लेप खरोखर बसला का, हे तर त्या थरातली माती बाहेर काढून प्रयोगशाळेत तपासल्यावरच कळतं.