सात घंटा, ५०४० क्रम

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असताना, तेराव्या शतकात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वर किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतात, याचा हिशेब त्यात आहे. एकही स्वर गाळायचा नाही, एकही दोनदा घ्यायचा नाही. उत्तर येतं ५०४०. अशा प्रत्येक मांडणीला तो कूटतान म्हणतो. अमुक क्रमांकावर कोणती तान येते आणि अमुक तान कितव्या क्रमांकाची, हे शोधायला त्याने खंडमेरू नावाची पायऱ्यापायऱ्यांची सारणीही दिली आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या साध्यासुध्या माणसांनी याच आकड्याचा ध्यास घेतला. त्यांत सुतार होते, विणकर होते, छापखान्यातले कारागीर होते. देवगिरीचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. सात वस्तू ओळीने मांडू लागलं की जगात कुठेही ५०४० हेच उत्तर येतं, इतकाच काय तो संबंध. पण या माणसांनी ते सगळे क्रम चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटांवर सलग वाजवायचं ठरवलं. मध्ये थांबायचं नाही, क्रम दोनदा येऊ द्यायचा नाही, समोर कागद ठेवायचा नाही. या कलेला चेंज रिंगिंग म्हणतात. इंग्लंडच्या गावागावांत आजही आठवड्यातून एक संध्याकाळ माणसं जमून तिचा सराव करतात.

घंटा म्हटलं की आपल्याला देवळातली टांगलेली घंटा आठवते. ती जागची हलत नाही, आपण लोळा हलवतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या काही घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतली १७२१ सालची एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. चर्चमधून देवळात आल्यावरही त्या सहज सामावल्या, कारण एका माणसाने एक घंटा वाजवायला फारशी यंत्रणा लागत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र घंटेच्या बाजूला एक चाक आलं. आधी अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. चाकाच्या कडेवरून दोर खाली येतो. वाजवणारा आधी घंटेला झोके देत देत उलटी उभी करतो, म्हणजे तोंड आभाळाकडे. मग दोर ओढला की ती पूर्ण फेरी घेते, एकदाच वाजते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा उलटी उभी राहते. पुढच्या ओढीला उलट दिशेने फेरी. उलट्या तोंडाने तोल सावरून उभी असताना तिला क्षणभर थोपवता येतं किंवा किंचित लवकर सोडता येतं. सगळं चेंज रिंगिंग या एका क्षणावर उभं आहे. घंटा कित्येक मणांची असते आणि तिच्या एका फेरीला साधारण दोन सेकंद लागतात. तिला वाटेल तेव्हा वाजवता येत नाही, फक्त जराशी मागे-पुढे सरकवता येते. म्हणून नियम असा, की एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना कोणतीही घंटा फार तर एका जागेने सरकेल.

चार घंटा घेऊन पाहा. पहिली सर्वांत लहान, चौथी सर्वांत मोठी. सुरुवात १२३४. मग शेजारच्या जोड्या अदलाबदल करतात, २१४३. मग मधली जोडी, २४१३. पुन्हा दोन्ही, ४२३१. अशाच पावलांनी पुढे ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४ आणि आठव्या पावलाला परत १२३४. आता यात फक्त पहिल्या घंटेवर बोट ठेवा. ती एकेक जागा मागे जाते, शेवटच्या जागी दोन फेऱ्या थांबते आणि तशीच पुढे येते. दोर हातात असलेला माणूस आकड्यांच्या ओळी पाठ करत नाही, आपल्या घंटेची ही वाट पाठ करतो. बाकीच्यांचे दोर खाली येताना दिसत असतात, त्यावरून कोणामागे वाजायचं ते कळतं. मनोऱ्यात याला दोरांवरची नजर म्हणतात, आणि ती यायला वर्षं लागतात.

या छंदाने माणसाला किती झपाटावं, याची साक्ष जॉन बनियनने दिली आहे. त्याच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या ग्रंथाचं मराठी रूप हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून आणलं, तोच हा बनियन. तरुणपणी तो एल्स्टो गावच्या मनोऱ्यात घंटा वाजवायचा. पुढे धर्मभावना जागी झाली आणि हा मौजेचा छंद पाप आहे असं त्याला वाटू लागलं. वाजवणं सोडलं, पण पाय मनोऱ्याकडेच वळायचे. नुसता बघायला जायचा. घंटा डोक्यात पडली तर, म्हणून तुळईखाली उभा राहू लागला. ती भिंतीवर आदळून उसळली तर, म्हणून दारात आला. मग सगळा मनोराच कोसळला तर, या विचाराने तिथूनही पळाला. त्याने आत्मकथनात लिहिलेला हा प्रसंग वाचताना मला त्याच्या भीतीपेक्षा त्याची ओढ जास्त दिसते.

त्याच काळात लंडनमधल्या हौशी वाजवणाऱ्यांनी मंडळं काढली. ‘कॉलेज यूथ्स’ हे मंडळ आपली स्थापना १६३७ ची सांगतं आणि ते आजही चालू आहे. फेबियन स्टेडमन हा छपाईच्या धंद्यातला माणूस. त्याने १६६८ मध्ये या कलेवरचं पहिलं पुस्तक प्रकाशित केलं आणि १६७७ मध्ये स्वतःचं लिहिलं. त्याच्या नावाची वाजवण्याची पद्धत, म्हणजे क्रम बदलत नेण्याची ठरीव वाट, अजून रोज कुठे ना कुठे वाजत असते. गणितात गटसिद्धान्त जन्माला येण्याच्या शंभरेक वर्षं आधी ही माणसं त्यातले प्रश्न दोराने सोडवत होती. मग २ मे १७१५ रोजी नॉरिचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये सातही घंटांचे ५०४० क्रम पूर्ण झाले. याला पील म्हणतात, आणि खरा पहिला पील हाच मानला जातो. तीन तासांहून जास्त वेळ लागला. त्याची नोंद मनोऱ्यातच फलकावर रंगवलेली आहे. कोणी कोणती घंटा वाजवली, त्या नावांसह असे फलक लावायची प्रथा पुढे देशभर रुजली.

आठ घंटांचे क्रम होतात ४०,३२०. केंट परगण्यातल्या लीड्स गावात १७६१ मध्ये पाळीपाळीने माणसं बदलून ते सत्तावीस तासांत वाजवले गेले. माणसं न बदलता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठच जणांनी, दोर न सोडता, ते एकदाच पूर्ण केले आहेत. जुलै १९६३ मध्ये, लफबरो इथल्या टेलर या घंटा ओतणाऱ्या कंपनीच्या मनोऱ्यात, १७ तास ५८ मिनिटांत.

मनोरा चर्चचा असला, तरी त्यातली माणसं फार काळ चर्चच्या ताब्यात नव्हती, आणि या कलेच्या इतिहासातला सगळ्यात रंगीत भाग मला तोच वाटतो. अठराव्या शतकात घंटा वाजायच्या त्या राजाच्या वाढदिवसाला, संसद उडवण्याचा कट फसल्याच्या ५ नोव्हेंबरला, निवडणूक जिंकलेल्या उमेदवारासाठी, आणि पैसे मोजून. गावोगावी चढाओढी लागायच्या, बक्षीस म्हणून हॅट मिळायच्या. बिअरचे मोठे मातीचे कुंजे मनोऱ्यात असायचे. त्यांतले काही आज संग्रहालयांत आहेत. टोपी घालून किंवा बुटाला घोड्याला टोचायचे काटे लावून आत आलात तर इतका दंड, असे नियम कवितेत रचून भिंतीवर रंगवलेले असत. दंडाचे पैसेही बहुधा बिअरकडेच जायचे. रविवारी प्रार्थनेआधी घंटा वाजवायच्या आणि प्रार्थना सुरू झाली की आपल्या दाराने बाहेर पडायचं, हा बऱ्याच ठिकाणचा रिवाज होता.

पाद्री वैतागले. बिटन गावचे रेव्हरंड हेन्री एलाकोम यांनी १८२१ मध्ये एक युक्ती काढली. घंटा जागच्या हलवायच्याच नाहीत, प्रत्येकीखाली एक हातोडा, आणि सगळ्या हातोड्यांचे दोर भिंतीवरच्या एका चौकटीत आणायचे. एकटा माणूस सगळ्या घंटा वाजवू शकतो, मग त्या उर्मट टोळक्याची गरजच काय! त्यांचं हे यंत्र पुष्कळ चर्चमध्ये बसलं. सूर वाजले, पण फिरणाऱ्या घंटेचा भरदार आवाज त्यात नव्हता. पुढे बऱ्याच ठिकाणी ते पडून राहिलं आणि माणसं दोरांकडे परतली. घंटा वाजवणाऱ्यांशिवाय भागतं का, हे एवढ्या गांभीर्याने आणखी कोणी तपासलं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरा मार्ग निघाला. ऑक्सफर्डमधून सुरू झालेल्या धर्मसुधारणेने चर्चची वास्तू, उपासना, संगीत या सगळ्याकडे नव्याने पाहिलं. मनोराही त्यात आला. खोल्या साफ झाल्या, कुंजे गेले, वाजवणारे हे चर्चचे सेवक मानले जाऊ लागले. प्रांतोप्रांतीचे संघ निघाले आणि १८९१ मध्ये सर आर्थर हेवुड यांच्या पुढाकाराने त्यांची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. १९११ मध्ये ‘द रिंगिंग वर्ल्ड’ हे या कलेचं साप्ताहिक सुरू झालं.

पुण्याच्या वाचकाला इथे थांबायला कारण आहे. गुरुवार पेठेतलं पंच हौदाचं चर्च बांधलं ते ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या संघाने. तो संघ याच सुधारणेतून जन्मलेला. १८९० मधल्या तिथल्या चहापानावरून टिळक, रानडे, गोखले यांच्यावर ग्रामण्य आलं, ती गोष्ट आपल्याला पाठ असते. त्याच आवारात, चर्चपासून वेगळा उभा असलेला उंच मनोरा आहे आणि त्यात टेलर कंपनीने ओतलेल्या आठ घंटा आहेत. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही टेलरच्याच आठ घंटा १९०४ मध्ये आल्या. इंग्रज जिथे वस्तीला राहिले त्या ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये ही कला टिकली. आपल्याकडे घंटा आल्या, पण आठवड्याच्या आठवड्याला शिकवणारी-शिकणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जमली नाहीत, आणि ती नसतील तर चाकांचा काही उपयोग नाही.

बायकांना मनोऱ्यात जागा मिळाली तीही याच सुमारास. ॲलिस व्हाइट हिने १८९६ मध्ये पील पूर्ण केला, तोवर कुठल्याही स्त्रीच्या नावावर तो नव्हता. १९१२ मध्ये स्त्रियांचा स्वतंत्र संघ निघाला आणि त्याच वर्षी फक्त स्त्रियांनी वाजवलेला पहिला पील झाला. ताकद लागते हा पुरुषांचा समज तेव्हाच खोटा ठरला होता. घंटा तोलाने फिरते, बळाने नव्हे.

पहिल्या महायुद्धात सुमारे १४०० वाजवणारे मारले गेले. कितीतरी गावांत मनोऱ्यातली काही माणसं परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये, सगळ्या घंटा बंद झाल्या. जर्मन सैन्य उतरलं तरच वाजवायच्या, असा हुकूम होता. मंडळी हातात धरायच्या छोट्या घंटांवर क्रम म्हणत राहिली. एल अलामेनच्या विजयानंतर १५ नोव्हेंबर १९४२ रोजी एका दिवसापुरत्या घंटा वाजल्या, आणि १९४३ मध्ये बंदी उठली. २०१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्याच्या शताब्दीला, त्या १४०० जणांच्या जागी तितकेच नवे वाजवणारे तयार करायची मोहीम निघाली. ११ नोव्हेंबरला त्यांतले पुष्कळजण पहिल्यांदाच लोकांसाठी दोर ओढत होते.

सरावाची संध्याकाळ जवळून पाहिली तर तिचं आपल्या ढोल पथकाशी बरंच नातं वाटेल. अरुंद गोल जिना, वर एक खोली, छतातून उतरलेले सहा किंवा आठ दोर. प्रत्येक दोरावर हाताच्या उंचीला लोकरीचा जाड रंगीत पट्टा, त्याला सॅली म्हणतात. नवशिक्याला आधी दोराचं फक्त शेपूट धरायला देतात. सॅली शिकवणारा सांभाळतो. ती सोडायची वेळ चुकली आणि मूठ घट्ट राहिली, तर माणूस वर उचलला जातो. म्हणून पहिले कित्येक तास शिकवणारा समोरून हलत नाही. डॉक्टर, शाळकरी मुलगी, निवृत्त ड्रायव्हर, चर्चला कधीच न जाणारा इंजिनिअर असे सगळे एका वर्तुळात उभे असतात. परगावचा पाहुणा आला तर न विचारता त्याला एक दोर मिळतो. सराव संपला की बरेचदा जवळच्या पबमध्ये गप्पा होतात, वर्षातून एकदा सहल निघते आणि एका दिवसात पाच-सहा गावांचे मनोरे वाजवून होतात. कोणाचं लग्न, कोणाचा पन्नासावा वाढदिवस, कोणाचं जाणं, प्रत्येकासाठी पाऊण तासाचा छोटा पील. अंत्यविधीला लोळ्याला एका बाजूने चामड्याची गादी बांधतात, म्हणजे एक ओळ स्वच्छ ऐकू येते आणि दुसरी तिच्या पडसादासारखी दबकी.

इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नसतं, तरी मनोऱ्यात घंटेला ‘ती’च म्हणतात. सगळ्यांचे हात दोरावर आले की सर्वांत लहान घंटेवरचा माणूस म्हणतो, ‘सांभाळा. ही निघाली.’ आणि दोर ओढल्यावर, ‘गेली.’ मराठीत हे सांगताना काही बदलावं लागत नाही.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे मनोरे पुन्हा बंद पडले. एका लहान बंद खोलीत आठ माणसं उभी राहणं शक्यच नव्हतं. अमेरिकेतल्या दोन वाजवणाऱ्यांनी ‘रिंगिंग रूम’ नावाचं संकेतस्थळ तयार केलं. घरी बसून कीबोर्डची एक कळ दाबायची, की पडद्यावरची आपली घंटा वाजते. कित्येकांनी त्या दिवसांत नव्या पद्धती पाठ केल्या, दूरदेशीच्या माणसांबरोबर वाजवलं. मनोरे उघडल्यावर वर गेले, तेव्हा क्रम सगळे तोंडात होते. तळहातांवरचे घट्टे मात्र गेले होते, ते पुन्हा पडायला काही आठवडे लागले.